अपघातात भाजलं, फाटलं: मुंबईत भरपाईचा दावा कोणत्या क्रमाने करायचा

हाड मोडलं असेल तर त्या दिवसाचा एक्स-रे दोन वर्षांनीही तीच गोष्ट सांगतो. भाजलेल्या आणि फाटलेल्या जखमेचं तसं नाही. टाके निघतात, खपली पडते, आणि सुनावणीच्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, वरून धडधाकट दिसणारा माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर उभा राहतो. विमा कंपनीचा वकील विचारतो, "आता काय त्रास आहे?" त्रास असतो, पण तो सांगणारा कागद फायलीत नसतो.

नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांच्या अशा फायली लावून देताना मला त्याच त्या चुका दिसत आल्या आहेत. निम्म्याहून जास्त चुका पहिल्या आठवड्यातच झालेल्या असतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. व्रण मात्र पूर्ण स्थिरावायला बारा ते अठरा महिने घेतो. म्हणजे नुकसान किती झालं हे कळायच्या आधीच मुदत संपते. म्हणून क्रम असा ठेवा: दावा मुदतीत दाखल करायचा, व्रणाचा पुरावा जमवत राहायचं आणि अपंगत्वाची टक्केवारी शेवटी काढायची. बरेच लोक "आधी पूर्ण बरं होऊ दे, मग बघू" म्हणतात आणि तिथेच अडकतात.

## टप्पा १: कॅज्युअल्टीतला केसपेपर

भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काहीही लावू नका. त्याने जखम बिघडतेच, शिवाय भाजलेलं किती खोल आहे हे डॉक्टरांना नीट दिसत नाही.

हॉस्पिटलात पोहोचल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "काय झालं?" त्याचं जे उत्तर केसपेपरवर उतरतं, त्यावर पुढचा सगळा दावा उभा राहतो. माझा मावसभाऊ चेंबूरला बाईकवरून जात होता. कारने मागून ठोकलं आणि त्याची पोटरी तापलेल्या सायलेन्सरखाली अडकली. त्याला रिक्षात घालून नेणाऱ्या भल्या माणसाने घाईत सांगितलं, "गाडीवरून पडला." केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं, कारचा उल्लेखच नाही. पुढे विमा कंपनीने तोच कागद पुढे केला: हा स्वतः घसरून पडला, आमच्या गाडीचा संबंध काय?

शुद्धीवर आल्यावर किंवा नातेवाईक पोहोचल्यावर पहिलं काम म्हणून केसपेपर वाचा. दुसऱ्या वाहनाने धडक दिली हे आणि माहीत असेल तर वाहनाचा नंबर त्यात हवा. चुकलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून जास्तीची नोंद करून घ्या. मूळ ओळ खोडून घेऊ नका, खाडाखोड केलेला कागद जास्त घात करतो.

फाटलेल्या जखमेसाठी केसपेपरवर बहुधा 'सीएलडब्ल्यू' एवढंच लिहितात, म्हणजे ठेचून फाटलेली जखम. तेवढ्याने भागत नाही. जागा, लांबी, खोली, टाक्यांची संख्या, आत काच निघाली का, स्नायूबंध किंवा नस तुटली का, हे सगळं हवं. मनगटावरची तीन सेंटिमीटरची जखम वरून क्षुल्लक दिसते. खाली नस कापली गेली असेल तर बोटं कायमची बधिर राहतात, आणि पहिल्या कागदावर तो उल्लेख नसला तर नंतर जोडणं फार अवघड जातं.

भाजल्याच्या नोंदीत दोन गोष्टी बघा: शरीराचा किती टक्के भाग आणि किती खोल. अंदाज पडताळायला सोपं माप आहे. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे साधारण एक टक्का. मोठ्या माणसाचा एक पूर्ण हात नऊ टक्के, एक पूर्ण पाय अठरा टक्के. पूर्ण हात होरपळलेला असताना कागदावर 'तीन टक्के' दिसलं तर विचारा. एअरबॅगने भाजलेलं, रेडिएटरचं उकळतं पाणी उडालेलं, डांबरावर घासून सोललेलं, सीएनजीच्या आगीत होरपळलेलं, प्रत्येकाचं कारण वेगळं लिहून घ्या.

तपासा: केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, आधार आणि बँक पासबुक, या सगळ्यांवर नाव एकसारखं आहे का? एका जागी फक्त आडनाव, दुसरीकडे वडिलांचं नाव गायब, एवढ्यावरूनही पैसे हातात पडायला महिने लागतात.

इशारा: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घरी जाऊ नका. पैशांमुळे हलावंच लागत असेल तर दुसऱ्या हॉस्पिटलच्या नावाने रेफर चिठ्ठी घ्या. भाजलेल्यांसाठी मुंबई परिसरात कस्तुरबा, भायखळ्याचं मसिना आणि ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर ही ठिकाणं आहेत. २०२५ च्या केंद्र सरकारच्या योजनेखाली नियुक्त हॉस्पिटलांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा.

## टप्पा २: पोलिसांचे कागद

मोठ्या सरकारी आणि पालिका हॉस्पिटलांत कॅज्युअल्टीजवळ पोलीस असतात, तिथे तुमची नोंद होते. तो नोंद क्रमांक, मुंबईत ज्याला ईपीआर नंबर म्हणतात, लिहून घ्या. पण ही नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. "पोलिसांनी लिहून नेलंय" एवढ्यावर निर्धास्त राहून महिनाभर ठाण्यात न गेलेले लोक मी पाहिलेत. अपघात ज्या हद्दीत झाला तिथे गुन्हा दाखल झाला का, हे स्वतः जाऊन बघा.

आता या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. गुन्हा साध्या दुखापतीचा की जबर दुखापतीचा, यावर पुढचं बरंच ठरतं. पोलीस हे डॉक्टरांच्या इंज्युरी सर्टिफिकेटवरून ठरवतात. हाड मोडलेलं नसलं की "साधी दुखापत" लिहून मोकळं व्हायची सवय असते. भारतीय न्याय संहितेचं कलम ११६ पाहा. डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं ही जबर दुखापत आहे. जिवाला धोका निर्माण करणारी, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी अथवा रोजचे व्यवहार करू न देणारी दुखापतही त्यातच येते. जुन्या दंडसंहितेत ही मुदत वीस दिवस होती, आणि काही जण अजून तीच धरून चालतात. कपाळावरून भुवई चिरत गेलेली जखम व्रण ठेवणार असेल, किंवा भाजल्यामुळे तीन आठवडे अंथरुणावर असाल, तर डॉक्टरांना ते सर्टिफिकेटमध्ये स्पष्ट लिहायला सांगा आणि त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला द्या.

पोलिसांकडून घ्यायचे कागद: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, इंज्युरी सर्टिफिकेट, समोरच्या वाहनाचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), चालकाचा परवाना, विमा पॉलिसी आणि पुढे दोषारोपपत्र.

२०२२ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. जखमीने भरायचा नमुना ६ त्याच ओघात येतो. तो मागून घ्या आणि भरून दिल्याची पोच ठेवा. नियमानुसार सविस्तर अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो, पण माझा सल्ला असा की त्यावर विसंबू नका. अहवाल रखडला तर मुदत तुमची जाते.

## टप्पा ३: फोटो आणि व्रणाची वही

या टप्प्याला रुपयाही लागत नाही आणि तरी जवळजवळ कुणी तो नीट करत नाही.

पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी आणि पुढे दर महिन्याला फोटो काढा. जागा तीच, खिडकीजवळचा उजेड तोच, अंतर तेच. जखमेशेजारी शाळेची पट्टी धरा. एक फोटो जवळून आणि एक असा की चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील, नाहीतर "हा हात तुमचाच कशावरून?" असा प्रश्न येतो. हालचाल दाखवणारे फोटोही काढा: मूठ पूर्ण मिटते का, कोपर सरळ होतं का, मान वळते का. फिल्टर नको, काटछाट नको. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रतीत मूळ तपशील राहत नाहीत. न्यायाधिकरणात हे फोटो देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. वकिलाला त्याची आठवण करून द्या.

फोटोंसोबत एक साधी दोनशे पानी वही ठेवा आणि तारीख टाकून दोन-तीन ओळी लिहा. "खाज, रात्री दोनदा जाग." "लोकलमध्ये दांडी धरता येत नाही." "उन्हात दहा मिनिटांत हात आगीसारखा." व्रणाचा खरा त्रास असाच असतो. त्वचारोपण केलेल्या जागी घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून ऊन आणि भट्टीची धग सहन होत नाही. स्वयंपाकी, वेल्डर, रिक्षाचालक यांच्या पोटावर पाय येतो तो इथे. पण हे केसपेपरवर कधीच नसतं, कारण ओपीडीत डॉक्टर विचारतात "जखम कशी आहे?" आणि आपण म्हणतो "बरी आहे." तिथे त्रास सांगा, नोंदवून घ्या.

तपासा: प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, आणि सिलिकॉन शीट यांची लेखी शिफारस घेतलीत का? हा कपडा दिवसाचे तेवीस तास, वर्षभर किंवा जास्तही घालावा लागतो आणि सैल झाला की नवा घ्यावा लागतो. शिफारस नसेल तर विमा कंपनी त्याचं बिल 'हौशी खर्च' म्हणून उडवते.

## टप्पा ४: बिलांची फाईल

मूळ बिलं तारखेने लावा आणि प्रत्येक औषधाच्या बिलाला त्याची प्रिस्क्रिप्शन टाचा. रिक्षा-टॅक्सीच्या फेऱ्या, ड्रेसिंगचा खर्च, सोबत राहण्यासाठी घरच्यांनी घेतलेली बिनपगारी रजा, फिजिओथेरपी, हे सगळं वेगळ्या पानावर लिहा. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि मालकाचं रजेचं पत्र आत्ताच घ्या. वर्षभराने तो मालक असेल, ओळख देईल, याची खात्री नाही.

मेडिक्लेम असेल तर लोक दोन टोकाच्या चुका करतात. काही जण मेडिक्लेमला मूळ बिलं देऊन टाकतात आणि दाव्यासाठी हातात काहीच ठेवत नाहीत. काही जण दाव्याच्या भीतीने मेडिक्लेम वापरतच नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही. तेव्हा मेडिक्लेम जरूर वापरा, फक्त बिलं देण्याआधी हॉस्पिटलकडून शिक्का मारलेल्या प्रती आणि खर्चाचं प्रमाणपत्र घ्या.

## टप्पा ५: कुणाविरुद्ध आणि कोणत्या कलमाखाली

तीन वाटा आहेत. वाट चुकली तर परत फिरता येईलच असं नाही.

कलम १६६. समोरच्याची चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायची. व्रण, पुढची ऑपरेशन्स, कमाईतली कायमची घट, सगळं यात मागता येतं.

कलम १६४. चूक सिद्ध न करता ठरलेली रक्कम मिळते: जबर दुखापतीसाठी अडीच लाख, मृत्यू झाल्यास पाच लाख.

हिट अँड रन. वाहन सापडलंच नाही तर २०२२ च्या योजनेखाली जबर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी दोन लाख. अर्ज न्यायाधिकरणात नाही, महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. अपघात शहरात झाला की उपनगरात, त्यावर मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांतला जिल्हा ठरतो.

इशारा: कलम १६४ खालची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. हॉस्पिटलच्या बिलाने घायकुतीला आलेल्या कुटुंबाला अडीच लाख मोठे वाटतात. आकुंचन पावलेला हात सोडवायला एकाहून जास्त ऑपरेशनं लागणार असतील तर ही रक्कम तुटपुंजी आहे. सही करण्याआधी प्लास्टिक सर्जनकडून पुढच्या खर्चाचा लेखी अंदाज घ्या.

रिक्षा-टॅक्सीतले प्रवासी आणखी एक चूक करतात. रिक्षाला कारने ठोकलं, दोघेही एकमेकांवर ढकलतात, आणि प्रवासी फक्त कारवाल्याला पकडतो. प्रवाशाची स्वतःची काहीच चूक नसते. दोघांच्या चुकीने अपघात झाला असेल तर तो कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा दोन्ही वाहनांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या प्रतिवादी करा.

स्वतःची गाडी स्वतःच्या चुकीने आदळली तर हा मार्ग खुला नाही. मालक-चालकाचा अपघात विमा मृत्यू आणि ठरावीक अपंगत्वासाठी असतो, व्रणासाठी त्यातून सहसा काही हाती लागत नाही.

## टप्पा ६: दावा दाखल करणं

अपघात झाला ते ठिकाण, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता ते ठिकाण, किंवा प्रतिवादी राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. घाटकोपरला राहणाऱ्या माणसाला खोपोलीजवळ अपघात झाला म्हणून रायगडला खेटे घालायची गरज नाही, मुंबईत दावा चालतो.

सहा महिन्यांच्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. तो वाद वकिलांसाठी ठेवा. तुम्ही पाचव्या महिन्याच्या शेवटी दावा दाखल झालेला बघा. व्याज साधारणपणे दावा दाखल केल्याच्या तारखेपासून धरतात, म्हणून त्याहून लवकर केलात तर तुमचाच फायदा.

दोषारोपपत्र आलं नाही, शेवटचं ऑपरेशन बाकी आहे, अपंगत्वाचा दाखला नाही, यांतलं कुठलंही कारण थांबायला पुरेसं नाही. अर्जात "उपचार चालू आहेत, पुढील शस्त्रक्रिया अपेक्षित आहेत, रक्कम वाढवून मागण्याचा हक्क राखून" असं स्पष्ट लिहून घ्या.

इशारा: वॉर्डाबाहेर कार्ड वाटणाऱ्या, "आधी काही देऊ नका, मिळाल्यावर तीस टक्के" म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही तर कुणालाच देऊ नका.

## टप्पा ७: तीन वेगळ्या टक्केवाऱ्या

भाजल्याची टक्केवारी, अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतल्या घटीची टक्केवारी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जदार त्यांची सरमिसळ करतात आणि विमा कंपनीला नेमकं तेच हवं असतं.

समजा दादरच्या एका हॉटेलात डोसे घालणारा बत्तीस वर्षांचा कारागीर आहे. उजवा पंजा आणि मनगट मिळून तीन टक्के भाजलं. व्रण आखडल्याने मूठ मिटत नाही, म्हणून मेडिकल बोर्डाने वीस टक्के अपंगत्व दिलं. पण तव्यासमोर तो आता उभाच राहू शकत नाही. त्याची कमाई तीन टक्क्यांनी घटली की वीस, की चाळीस? सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हेच सांगितलं: दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा उचलायचा नाही, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं.

म्हणून दाखला वर्षभराने, व्रण स्थिरावल्यावर, सरकारी किंवा पालिका हॉस्पिटलच्या बोर्डाकडून घ्या. डॉक्टरांना तुमचं काम नेमकं सांगा. "नोकरी" म्हणू नका, "रोज आठ तास तव्याजवळ, उजव्या हातात उलथणं" असं सांगा. दाखला देणारे किंवा उपचार करणारे डॉक्टर साक्षीला यावे लागतात. पालिका हॉस्पिटलांत ड्रेसिंग करणारे रेसिडेंट डॉक्टर शिक्षण संपलं की निघून जातात, म्हणून युनिट प्रमुखांचं नाव आधीच लिहून ठेवा.

लहान मुलाचं प्रकरण असेल तर एक जास्तीची नोंद हवी. मूल वाढतं, व्रण त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे सांधा पुन्हा पुन्हा आखडतो. वाढीच्या वयात किती ऑपरेशनं लागू शकतील याचं सर्जनचं लेखी मत घ्या.

## टप्पा ८: आकडा स्वतः मांडून बघा

त्याच कारागिराचं उदाहरण घेऊ. महिना २०,००० रुपये, कायम नोकरी नाही, वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के धरायचे: २८,००० रुपये. वर्षाचे ३,३६,००० रुपये. ही वार्षिक कमाई वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायची, ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६. गुणाकार ५३,७६,०००. कमाईतली घट २० टक्के धरली तर १०,७५,२००, आणि ४० टक्के सिद्ध झाली तर २१,५०,४००. सातव्या टप्प्यातल्या मेहनतीची किंमत ही एवढी. जखमी जिवंत असताना स्वतःच्या खर्चापोटी एक-तृतीयांश कापायचा नसतो. असं कुणी कापलेलं दिसलं तर लगेच हरकत घ्या.

याशिवाय वेगळ्या शीर्षाखाली मागा: उपचाराचा खर्च, पुढच्या ऑपरेशनांचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, वेदना, विद्रूपता आणि आयुष्यातल्या सुखाची हानी, लग्नाच्या वयातल्या मुलामुलींसाठी लग्नाच्या संधीवरचा परिणाम, सोबतीचा माणूस, प्रवास, आहार. चेहऱ्यावर व्रण असेल तर विद्रूपतेचं शीर्ष वेदनेत मिसळू देऊ नका. मिसळलं की दोन्हींसाठी मिळून एकच छोटी रक्कम लिहिली जाते.

## टप्पा ९: तडजोड आणि निकाल

लोकअदालतीत लवकर पैसे मिळतात हे खरं, पण तिथल्या तडजोडीविरुद्ध अपील नाही. व्रण स्थिरावण्याआधी, सर्जनचा अंदाज हातात नसताना तिथे बसू नका. आकडा सुचवला गेला की तो आठव्या टप्प्यातल्या तुमच्या गणिताशी ताडून बघा, घरी विचार करायला वेळ मागा.

निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस असतात. वादातली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर अपील होत नाही. निकालाची प्रमाणित प्रत मागण्याचा अर्ज त्याच दिवशी करा. रक्कम तुमच्याच खात्यात जमा होईल असं बघा. अल्पवयीन मुलांची रक्कम मुदत ठेवीत ठेवली जाते. मुलाच्या ऑपरेशनसाठी त्यातले पैसे हवे असतील तर सर्जनचं पत्र आणि खर्चाचा अंदाज जोडून न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.